आर्डिसकडे जाणारी वाट

आमच्या आयोवातल्या या काउंटीत लेलँड ब्रुनिंगइतका नीटनेटका शेतकरी दुसरा नाही. त्याच्या कोठाराजवळ गवताची काडी वाकडी उगवली तर तीच ओशाळत असेल. अशा माणसाला सरकार आठ वर्षं पैसे देत होतं, आणि तेही काही न करण्याचे! टेकाडावरच्या अडतीस एकरांत मका लावायचा नाही, गवत वाढू द्यायचं. माती वाहून जात नाही, पाखरांना घरटी मिळतात. ते माजलेलं गवत बघून लेलँडचे हात शिवशिवत. पण दर ऑक्टोबरच्या चेकमधून जमिनीचा कर निघे, म्हणून तो हात खिशात घालून बसे.

एक वाट मात्र तो कापायचा. टेकाडाच्या माथ्यावर ब्रुनिंगांच्या कबरींचे सात दगड आहेत. सातवा त्याच्या बायकोचा, आर्डिसचा. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, आम्ही सगळेच आपापल्या माणसांना फुलं नेतो. लेलँड कॉफीच्या रिकाम्या डब्याला चकचकीत फॉइल गुंडाळायचा, त्यात पाणी भरून आर्डिसनंच लावलेल्या झाडाची पिओनीची फुलं घालायचा, आणि आदल्या दिवशी एक मशीनभर रुंद वाट कापून ठेवायचा.

गेल्या वर्षी ती वाट शेती कचेरीला आकाशातून काढलेल्या फोटोत दिसली. मे महिना घरट्यांचा, कापणी बंद. त्या वर्षीचा चेक गेला. पुन्हा कापलं तर करार रद्द, आणि आठही वर्षांचे पैसे व्याजासकट परत. म्हणजे टेकाडच विकायचं, दगडांसकट.

कचेरीतली जोनेल लेलँडच्या शाळेतली. ती हळूच म्हणाली, "अरे, खुलाशाच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिही ना, 'आग पसरू नये म्हणून पट्टा कापला.' चालतं ते. तुझ्या शेजारची जमीन घेतलेला तो डेंटिस्ट दरवर्षी तेच लिहितो."

शहरात राहणाऱ्या या डेंटिस्टचा आगरोधक पट्टा मी पाहिलाय. शिकारीचं खोपटं, आठ खुर्च्या, आणि मधोमध मांस भाजायची धगधगती शेगडी! त्याचा चेक मात्र वेळेवर येतो.

"बायकोकडे जायला खोटं लिहू?" लेलँड म्हणाला. "जन्मात एकदाच खोटं बोललो तिच्याशी, ट्रॅक्टरच्या किमतीबद्दल. आठवडाभर थंड बटाटे खाल्लेत, बाई!"

त्यानं रकान्यात लिहिलं, 'वाटेच्या टोकाला बायको आहे.' उत्तर आलं: सदर कारण यादीत नाही.

यंदा तो कमरेइतक्या गवतातून पायीच निघाला. डबा छातीशी धरलेला, मी मागे. अर्ध्या चढावर त्याच्या बुटाखाली कचकन वाजलं आणि फेझंट पक्ष्याची मादी फडफडत उडाली. लेलँडनं टोपी काढली आणि वाकून बुटाजवळचं गवत बाजूला सारलं.

मंगळवारी सकाळी त्यानं तो डबा जोनेलच्या टेबलावर ठेवला. आत चार फुटकी अंडी.

"घे, नोंद कर. मशीननं आठ वर्षांत एक नाही, बुटानं एका दिवसात चार."

जोनेलनं खरोखरच दोन खण उघडून पाहिले. "पायी चालणाऱ्यासाठी फॉर्मच नाही रे." मग डब्यावरचं फॉइल ओळखून तिनं विचारलं, "आणि आर्डिसची फुलं?"

"डबा तर हा इथं आणला," लेलँड म्हणाला. "फुलं तशीच ठेवली दगडापाशी. बिनपाण्याची."