चिंचेनं घासलेलं नाणं

मी तापट आहे, हे घरच्या सगळ्यांना माहीत होतं. मला फार उशिरा कळलं.

जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या एका शेतात मी दर शनिवारी मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचो. शेतमालकाची परवानगी होती, सगळं रीतसर. आई गेल्यावर बाबा तीन महिने माझ्याकडे राहायला आले, तेव्हा तेही फावडं घेऊन मागोमाग यायचे. बहुतेक वेळा बाटल्यांची झाकणंच निघायची. बाबा एकेक झाकण निरखून बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हा बिअरचा राजा दिसतोय."

एकदा मात्र खरंच रोमन नाणं निघालं. हिरवं, माती चिकटलेलं, जवळजवळ सपाट. दोन आठवडे मी त्याच्यापायी वेडा झालो होतो. टॉर्च आडवा धरून बघ, वजन कर, फोटो काढ. मला त्यात दाढी दिसायची आणि एक ठसठशीत नाक. त्या नाकावरून सम्राट ओळखता येईल, अशी माझी खात्री होती.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर नाणं ताटलीत लखलखत होतं. बाबांनी पुण्याहून आणलेली चिंच आणि मीठ लावून ते घासलं होतं. आयुष्यात कधी पेला न विसळलेला माणूस, पण आई गेल्यापासून देवाची तांब्याची भांडी तेच घासायचे. "किती कळकट झालं होतं रे," ते म्हणाले. "आता देवघरात ठेवलं तरी चालेल."

नाक गेलं होतं. मी नको नको ते बोललो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? इतकी शतकं टिकलं, ते तुम्ही पाच मिनिटांत घालवलंत." बाबांनी ताटली धुऊन जागेवर ठेवली. पुढच्या शनिवारी पाय दुखतोय म्हणाले आणि घरीच थांबले.

पुण्याला परत गेल्यावर ते दर रविवारी फोनवर विचारायचे, "त्या नाण्याचं काही कळलं का?" मी म्हणायचो, "आता काय कळणार?" मग त्यांनी विचारणं सोडलं. थंडीत ते गेले, झोपेतच.

त्यानंतर खणातलं ते नाणं मी म्युझियममधल्या एका तज्ज्ञ बाईंकडे नेलं. वर्षभर नोंद का केली नाही, म्हणून आधी त्यांनी माझी हजेरी घेतली. मग नाणं आणि माझे जुने फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या.

"आल्झो, तर असं आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्याला नाक समजलात, ते मातीचं ढेकूळ आहे. चेहरा त्या काळच्या लोकांनीच हाताळून झिजवलाय. घासायला नको होतं, हिरवा थर गेला. पण चेहरा त्यामुळे गेलेला नाही." आकार, वजन, दाढी आणि नाण्याच्या मागच्या बाजूवरची उभी बाई, एवढ्यावरून दुसरं शतक. सम्राट दोघांपैकी एक. कोणता, ते आधीही सांगता आलं नसतं.

मी गाडीत येऊन बसलो आणि रडलो. तो चेहरा बाबांनी घालवलाच नव्हता. बाईंची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला मला एक फोन करावा लागला होता. तो मी वर्षभर, निव्वळ रागापायी, केला नव्हता.