मोठ्या जाऊबाईंचा मुक्काम

मोठ्या दिरांनी फोनवर सांगितलं की आपण रिटायर झालो आणि यंदाचा हिवाळा तुमच्याकडे काढणार, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो संडासाचा. आमचं घर मढच्या कोळीवाड्यात. खाली दोन खोल्या, वर एक. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती, पण संडास खाली, आणि तोही उकिडवं बसायचा. भाऊजी कसंही निभावून नेतील, त्यांचा जन्मच या घरातला. पण बरोबर त्यांची बायको येणार होती, आणि ती कॅनडाची. नुसती तिकडे राहणारी नाही, तिथलीच, गोरी.

"किती दिवस?" मी नवऱ्याला विचारलं.

"मार्चपर्यंत म्हणतोय."

"आत्ता ऑक्टोबर चालू आहे."

"मग काय झालं? घर त्याचंपण आहे ना," नवरा म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात प्लंबरला आणून वरच्या खोलीला लागून कमोड बसवून घेतला. बोटीचं इंजिन महिनाभर कुरकुरत होतं, त्याला मात्र हात लावला नव्हता.

सासूबाई ओट्यावर बसून मांदेली साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ती पन येतेय?" एवढंच विचारलं.

"हो, आई."

"येऊं दे."

भाऊजी तरुणपणी जहाजावर इंजिनच्या कामाला लागले आणि कॅनडाच्या कुठल्याशा बंदरात उतरले ते तिथलेच झाले. लग्न केलं आणि मग फोन करून सांगितलं. तेव्हापासून आई मुलाशी फोनवर नेमाने बोलायच्या, पण पलीकडून त्याची बायको फोनवर आली की रिसीव्हर माझ्या हातात. "घे, तू बोल, तुला इंग्लिस येतं." मी मालाडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळे इंग्रजीचं काम घरात माझ्याकडेच. सासरे गेले तेव्हा दोघं धावतपळत आले होते, पण त्या गर्दीत आणि रडारडीत कोण कुणाशी बोलणार. म्हणजे इतकी वर्षं सासू आणि मोठी सून एकमेकींशी धड एक वाक्य बोलल्या नव्हत्या.

दोघं आली. जाऊबाई उंच, रुंद खांद्यांच्या, केस पांढरे आणि आखूड. दारातून आत येताना वाकल्या, तरी चौकट लागलीच. कपाळ चोळत हसल्या. आईंच्या पाया पडल्या, भाऊजींनी विमानात शिकवलं असावं. आईंनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच मुलाकडे वळल्या.

पहिले काही दिवस भाऊजींनीच आम्हाला जास्त पिडलं. पाणी बाटलीतलंच हवं. मच्छरदाणी हवी. पंख्याचा आवाज येतो. "तिला त्रास होईल गं," प्रत्येक वाक्याच्या शेवटी हे होतंच. तिला काय होतंय ते ती बोलतच नव्हती. सकाळी उठून त्या गच्चीवर उभ्या राहायच्या आणि बंदराकडे बघत राहायच्या. शेवटी भाऊजींनी ठरवलं की जुहूला समुद्रासमोर हॉटेलात राहू, दिवसा इथे येत जाऊ. आईंनी ताटातला भात चिवडला. दोघं बॅग घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून परत हजर. भाऊजींचं तोंड पडलेलं. जाऊबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्याशेजारी पाटावर बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, इथे मराठीत लिहिते आहे.

"खोली चांगली होती. समुद्रही समोर होता," त्या म्हणाल्या. "पण तिथे समुद्रावर कुणी काही कामच करत नाही. सगळे नुसते बघत बसतात. मला कंटाळा आला."

त्या दिवशी मला ही बाई आवडायला लागली.

नोव्हेंबरात बोंबलाचा हंगाम जोरात असतो. किनाऱ्याला बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यांच्यावर वाळत टाकतात. लांबून बघितलं तर पांढरं तोरण लावल्यासारखं दिसतं. एका रविवारी मी त्यांना तिकडे घेऊन गेले. वास येईल म्हणून मी आधीच रुमाल देऊ केला होता. तो त्यांनी खिशात कोंबला आणि वलांडीखाली जाऊन उभ्या राहिल्या. हात वर करून एका जोडीला बोट लावलं, किती सुकलंय ते बघत.

मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हे लाकडाचे मांडव असायचे. वर फांद्या पसरलेल्या. माझी आजी त्यांवर मासा वाळवायची. मीठ लावून, उलटा-पालटा करत. मी शाळेतून आले की माझंही तेच काम."

तेव्हा मला कळलं की त्यांचे वडील मच्छीमार होते. एका थंड बेटावर त्यांचं गाव. एका वर्षी समुद्रातला मासा संपत आला म्हणून सरकारने मासेमारी बंद केली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या त्या परत पाण्यात उतरल्याच नाहीत. पोरं शहराकडे गेली. त्याही गेल्या. हे भाऊजींनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई वलांडीवर. माझा जुना गाऊन घालून, जो त्यांच्या पोटऱ्यांपर्यंतच यायचा, डोक्याला फडकं बांधून. बायकांनी आधी गंमत केली, फोटो काढले. मग त्यांच्या उंचीचा उपयोग कळल्यावर वरची ओळ भरायला त्यांनाच हाका यायला लागल्या. आई जवळच बसून जवळा पाखडायच्या. बघायच्या, पण बोलायच्या नाहीत.

त्याच सुमारास माझा नवरा भाऊजींना बोटीवर घेऊन गेला. मोठ्या उत्साहाने गेले, लहानपणीची गाणी म्हणत. खाडी ओलांडून पुढे गेल्यावर लाटांना सुरुवात झाली आणि त्यांना उलट्या लागल्या. खलाशांसमोर. परत येऊन जेट्टीच्या पायरीवर बसून राहिले. नवऱ्याने त्यांना चहा नेऊन दिला. "होतं रे दादा. सवय सुटली की होतं."

"मी कोळ्याचा पोर ना रे," भाऊजी म्हणाले.

"मग आता काय कोळीवाड्यातून नाव कापणार आहेत?"

दोघे हसले, पण भाऊजी त्यानंतर जरा शांत झाले. बाटलीतल्या पाण्याचा आग्रह आपोआप बंद झाला.

डिसेंबरात एका दुपारी आभाळ अचानक भरून आलं. अवकाळीचा काही नेम नसतो. सुट्टीचा दिवस होता, मी घरीच होते. वाऱ्याची दिशा बदलली तशी गल्लीत एकच ओरडा झाला आणि आम्ही सगळ्या टोपल्या, ताडपत्र्या घेऊन किनाऱ्याकडे धावलो. भिजलेला बोंबील म्हणजे वाट लागली, केलेली सगळी मेहनत मातीत. जाऊबाई माझ्या पुढे होत्या. लांब हातांनी वरच्या ओळी भराभर उतरवत होत्या, टोपलीत टाकत होत्या. पाऊस सुरू झाला तोपर्यंत आमचा बराचसा माल ताडपत्रीखाली आला होता. सगळ्या चिंब, धापा टाकत उभ्या.

आईंनी ताडपत्री उचलून बघितली आणि त्यांचा आवाज चढला.

"ओला न् सुका एके ठिकानी कुनी टाकला? हिनं? अगं ए बाय, तुझ्या बापानं हेच शिकवलं काय तुला? सगला माल कुजंल ना आता. येवरी मोठी घोरी झालीस, येवरं कलत नाय?"

अख्ख्या गल्लीसमोर. जाऊबाईंच्या हातातून पाणी ठिबकत होतं. भाऊजी घाईने पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "आई म्हणतेय, मदतीबद्दल आभार, फक्त पुढच्या वेळी वेगवेगळे ठेव."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईंकडे. "ती असं म्हणाली नाही," त्या म्हणाल्या. "माझी आजी ओला मासा सुक्यात गेला की अशीच ओरडायची." आणि खाली बसून त्यांनी ओले बोंबील वेचायला सुरुवात केली. आई दुसऱ्या बाजूने बसल्या. हात चालू आणि तोंडही चालू. मी शेजारी टोपली धरून उभी होते. माझ्या ध्यानात आलं की आई माझ्यावर ओरडतात त्याच सुरात त्यांच्यावर ओरडताहेत. पाहुण्यावर कुणी असं ओरडत नाही.

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलायला लागल्या, आणि बोलायच्या त्या कोळी भाषेतच. जाऊबाई इंग्रजीत उत्तर द्यायच्या. मी मध्ये पडून सांगायला गेले तर दोघी माझ्याकडे असं बघायच्या की मीच गप्प बसायचे.

जानेवारीत कॅनडाहून शेजाऱ्याचा फोन आला. थंडीने घरातला पाण्याचा पाइप फुटला होता, तळघरात पाणी साचलं होतं. विम्याचं, दुरुस्तीचं बघायला कुणीतरी जायलाच हवं होतं. भाऊजींनी दोघांची तिकिटं बदलायला घेतली.

"माझं नको बदलूस," जाऊबाई म्हणाल्या. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

"म्हणजे?"

"पाइप एकाने दुरुस्त होतो. मी मार्चमध्ये येते. ठरलं होतं तसं."

"तू इथे एकटी राहणार?"

"एकटी कुठे?" असं म्हणून त्यांनी पुढचा बोंबील उचलला.

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही धडकी भरली होती. तापबीप आला तर, पडल्याबिडल्या तर, जबाबदारी माझी. आईंना मी मराठीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे. तो जाऊं दे, त्याला तसापन इथं काय काम हाय?" हे भाऊजींना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांना कळलं. जरा लागलं, मग तेच हसले.

ते गेल्यावर जे दिवस गेले ते आमच्या घरातले फार बरे दिवस. मी ऑफिसला जायचे, नवरा बोटीवर. या दोघी सकाळी टोपल्या घेऊन मालाडच्या बाजारात. आई विकायच्या, जाऊबाई मागे उभ्या राहून माशांवर पाणी मारायच्या. त्यांना बघायला गिऱ्हाईक थांबायचं, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाला आई सोडायच्या नाहीत.

एकदा जाऊबाईंनी त्यांच्या गावचं जेवण करायचं ठरवलं. खारवलेला सुका मासा भिजत घालून बटाट्याबरोबर उकडला, वरून तळलेला कांदा. मिरची नाही, हळद नाही. आईंनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. "आजारी मानसाला बरं हाय," म्हणाल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "त्यांना आवडलं." या वेळी माझं भाषांतर त्यांनी चालवून घेतलं. आईंनी मात्र ताट पुसून खाल्लं, हेही खरं.

त्याच जेवणानंतर दुपारी आई म्हणाल्या, "हिला विचार, लग्नाच्या वक्ताला हिची आई काय बोलली?"

मला अवघडल्यासारखं झालं, पण विचारलं.

जाऊबाईंनी ताटं एकावर एक रचली. "दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी," त्या म्हणाल्या. "मी तिला सांगितलं, मुलगा इंजिनीअर आहे. तिने विचारलं, बाप काय करतो? मी म्हटलं, मासे मारतो. तिने फोन ठेवून दिला. ठेवताना म्हणाली, तुला एवढं शिकवलं ते यातून बाहेर पडायला, आणि तू अर्धं जग ओलांडून परत कोळ्याच्याच घरात चाललीस."

मी हे आईंना सांगितलं. आईंचे खांदे हलायला लागले आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"शानी होती गं बाई," त्या म्हणाल्या. "माझं लगीन ठरलं तवा माझी आई पन हेच बोललेली."

मग मीच विचारलं, "आई, मग तुम्ही का नाही बोललात एवढी वर्षं?"

"तिच्यावर राग नवता. माझ्या पोरानं लगीन लागल्यावर फोन केला. त्याच्यावर होता. पन त्याच्याशी अबोला धरला असता तर तो फोन करायचाच थांबला असता. मंग राग कुनावर तरी काराय पायजे ना."

हे मी जाऊबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी एखादी रास्त गोष्ट ऐकल्यावर हलवतात.

शिमगा करूनच त्या निघाल्या. आमच्याकडे होळीचा सण सगळ्यात मोठा. बोटी सजल्या, आदल्या संध्याकाळी त्या आईंच्या मागे मागे नैवेद्याचं ताट घेऊन फिरल्या. लुगडं नेसवायला बायका मागे लागल्या होत्या. त्यांनी हात जोडले. आई म्हणाल्या, "नका नेसवू. तिला चालाया येनार नाय, पडंल." तो विषय तिथेच संपला.

जायच्या दिवशी आई नेहमीसारख्या बाजारात गेल्या. मला ते खटकलं. विमानतळाकडे जाताना जाऊबाईंनी टॅक्सी मालाडला थांबवायला सांगितली. आम्ही गर्दीतून आत गेलो तर आई एका बाईशी पापलेटावरून घासाघीस करत होत्या. हाताने 'थांब' अशी खूण केली. जाऊबाई थांबल्या. बाईने पापलेट घेतलं, गेली. मग आई उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि जाऊबाईंचा चेहरा दोन्ही हातांनी खाली ओढून घेतला. वर बघून बोलायची त्यांना सवय नाही.

"पुरच्या वक्ताला लवकर ये," त्या म्हणाल्या. "बोंबील चालू व्हायच्या आधी."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "येस," म्हणाल्या.

आता दर रविवारी फोन येतो. भाऊजी थोडं बोलतात, तळघराचं, बर्फाचं, गुडघ्याचं. मग फोन जाऊबाईंकडे जातो आणि इकडे आईंकडे. दोघी आपापल्या भाषेत सुरू होतात आणि मी आत जाऊन चहा टाकते. नवरा विचारतो, काय चाललंय दोघींचं. मी सांगते, मला काय माहीत.