परड्यातली खिडकी

लग्न होऊन मी पाटणकडच्या डोंगरातून पलूसजवळच्या एका गावात आले, तेव्हा मला विसावं लागलं होतं. नवरा फौजेत. सुट्टी संपली तसा तो गेला, आणि बौद्धवस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि सासू उरलो. सासू दिवसभर दुसऱ्यांच्या उसात तण भांगलायला जायची. मी बारावी झालेली, हिला रानात न्यायची नाही, असं नवरा सांगून गेलेला. म्हणजे दिवसभर मी आणि ते घर.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. गावात फोन मोजकेच. एक वरच्या आळीत, एका बागायतदाराच्या घरी होता. त्या घरचा मुलगा आणि माझा नवरा एकाच युनिटात ड्रायव्हर, परमुलखात एकमेकांना धरून राहणारे. त्यामुळंच त्या घरचा नंबर नवऱ्याला मिळाला. दर रविवारी सकाळी दहाला फोन करीन, म्हणाला.

पहिल्या रविवारी मी लग्नातली साडी नेसून गेले. पायरीपाशी चपला काढायला वाकले, तोच त्या घरच्या काकी बाहेर आल्या. हसतमुख बाई. आवाजात राग नाही, काही नाही.

"हिकडनं नगं गं पोरी. मागं परड्यात जा. तिथं खिडकी हाय, तिथनं देते फोन."

घराला वळसा घालून मी मागं गेले. शेणीच्या ढिगाजवळ लोखंडी गजांची खिडकी होती. घंटी वाजली, काकींनी रिसिव्हर आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हात मागं घेतला. मग मी तो उचलला. वायर बाहेर येईना, म्हणून गाल गजांना लावून बोलले.

"कशी हाईस?"

"बरी हाय."

काकी आत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आणखी काय बोलणार?

घरी आल्यावर सासूनं गालावरचा वळ बघितला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोन देत्यात हेच लय हाय. आमच्या वक्ताला त्या आळीत कुणी हुबं करत न्हवतं." तिच्या लेखी ते घर भलं होतं. काकीही स्वतःला भल्याच समजत असणार. एकाही रविवारी त्यांनी मला परत पाठवलं नाही. तक्रार अशी कुणाचीच नव्हती. मला एकटीलाच काहीतरी लागत होतं, आणि ते सांगायला माणूस नव्हतं. आपलंच मन वाकडं आहे की काय, असंही हळूहळू वाटायला लागलं.

नवरा तिकडचं सांगायचा. "आमी दोघं एकाच ताटात जेवतो. थंडीत त्येचंच जाकीट मी घालतो." मी म्हणायची, "व्हय का?"

दुसऱ्या वर्षी तो मित्र सुट्टीवर आला. त्याच्याबरोबर नवऱ्यानं माझ्यासाठी शाल पाठवली होती. फोनवर म्हणाला होता, "त्येला समदं इचार. मी कसा ऱ्हातो, काय खातो." आठवडाभर मी मनात प्रश्न जुळवत होते. नवऱ्याबद्दल ज्याच्याशी बोलता येईल, असं एक माणूस पहिल्यांदाच गावात आलं होतं.

रविवारी गेले, तर तो पायरीवरच बसलेला. मला बघून चटकन उठला. "वैनी, या की."

मी एक पाऊल टाकलं. एवढ्यात काकी दारात आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग जमिनीकडं. "परड्यात या वैनी," हळूच म्हणाला, "फोन यील एवढ्यात."

खिडकीशी मात्र तो स्वतः आला. शाल गजांतून जाईना, तर घडी मोडून त्यानं ती थोडी थोडी बाहेर सारली. रिसिव्हर कट्ट्यावर न ठेवता माझ्या हातात दिला. पण वर बघितलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

पलीकडून नवरा आनंदात होता. "भेटला का? काकीनं च्या पाजला असंल?"

"व्हय," मी म्हणाले, "पाजला."

ते ऐकून खिडकीशी उभा असलेला तो मित्र आत निघून गेला.

खोटं का बोलले? नवराही तिकडं परक्या मुलखात एकटाच होता. त्याचा एवढा एक माणूस मला तोडायचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात नवरा सुट्टीवर आला. पेढ्यांचा पुडा घेऊन हौसेनं वरच्या आळीत गेला. मी अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं. दहा मिनिटांत पुडा तसाच घेऊन परत आला आणि उंबऱ्यावर बसला.

"तुला बी मागनंच?"

"व्हय."

"आन् च्या?"

मी मानेनंच नाही म्हणाले. त्यानं हातातला पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यो मला तिकडं भाऊ म्हन्तो गं."

त्या दोघांचं भांडण झालं नाही. तिकडं गेल्यावर त्या विषयावर अवाक्षर निघालं नाही. एका ताटातलं जेवण तेवढं बंद झालं.

मी रविवारी एसटीनं पलूसला जायला लागले. तिथल्या एका बूथवाल्यानं त्याच्या नंबरावर फोन घ्यायला परवानगी दिली होती. महिन्याभरानं दुकानात काकी भेटल्या. "का गं, फोनला येईना झालीस? काय चुकलं आमचं?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. डोळ्यांत काळजी होती. "पलूसला काम असतंय," म्हणाले, आणि निघाले.

बूथला काचेचं दार होतं. ते लावून घेतलं की बाहेरचं ऐकू यायचं नाही, आतलं बाहेर जायचं नाही. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "आता बोल, कुणी न्हाई ऐकायला." दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते, आणि मला एक शब्द सुचेना. तोही बोलेना. काचेपलीकडं माणसं खोळंबली होती. आम्ही दोघं नुसते फोन कानाला धरून राहिलो.