मागच्या दाराची काच

जीपचं मागचं दार मामा कधी आपटत नसत. दोन्ही तळहात पत्र्यावर टेकवायचे, श्वास रोखायचा आणि झोपलेल्या पोराच्या अंगावर गोधडी सरकवावी तसं ते दार पुढे न्यायचं. कडी बसली की तडकलेल्या काचेतून आत बघत ते आम्हा उतारूंना दम भरायचे, "लागलं. आता कोणी पाठ टेकू नका."

आता तुम्हीच सांगा, जीपच्या अगदी मागे, दाराला लागून बसलेल्या माणसाने पाठ टेकायची नाही तर काय करायचं? मी त्या जागेवर दीड वर्ष बसले. माझा कणा आजही ताठ आहे, त्याचं श्रेय लोक माझ्या स्वभावाला देतात. ते खरं म्हणजे मामांच्या काचेचं.

काचेला खालच्या कोपऱ्यातून निघून वरपर्यंत तडा गेला होता. तड्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी. कोपऱ्यातला तुकडा निखळला होता, तिथे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला होता. त्यावर निम्मं गुलाबाचं फूल होतं.

"मामा, बदलणार कधी ही?" कोणीतरी रोज विचारायचंच.

"काचेला काय घाई आहे?" मामा म्हणायचे आणि चावी फिरवायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी माणिकपूरच्या शाळेत नवीन लागले होते आणि समुद्राकडच्या एका गावात खोली घेऊन राहत होते. गाव ख्रिस्ती बागायतदारांचं. केळी, पानवेली, मोगरा. शाळेपर्यंत यायला टांगा किंवा मामांची जीप. टांगा वेळेवर निघत नसे. जीप वेळेवर निघे, पण चाले टांग्याहून सावकाश, कारण प्रत्येक खड्ड्यापाशी मामा थांबून काचेचा विचार करत.

माझी खोली होती वैनींच्या घरात. त्या मामांच्या वैनी, म्हणून साऱ्या गावाच्या वैनी. नवरा गेल्यावर एवढ्या घरात एकटं कसं राहायचं, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. मामांचं घर त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. मधे विहीर, एक चिंच आणि अबोला.

त्या अबोल्याची गोष्ट मी गावात पाऊल टाकण्याआधीची आहे. पण ती मला इतक्या जणांनी सांगितली की काच तडकल्याचा आवाजसुद्धा आता मला माझ्या कानांनी ऐकल्यासारखा आठवतो.

मामा आणि त्यांचा दादा, दोघंच भाऊ. आई लवकर गेली. दादाची नवरी म्हणून वैनी घरात आल्या तेव्हा हा धाकटा दीर त्यांच्या लुगड्याला नाक पुसत होता. वैनींनीच त्याला वाढवला. तो मोठा झाला, लग्न काही त्याने केलं नाही, आणि एक दिवस वाडीतला आपला वाटा विकून त्याने जीप आणली. नुसती आणली नाही, वरून पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली, मागे काचेचं दार लावलं. पंचक्रोशीत तशी गाडी नव्हती.

दादा पानवेलीत वाकला होता. तो सरळ झाला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आईबापाची जमीन विकून डबा आणलास. मी मेलो तरी तुझ्या ह्या डब्यात येणार नाही."

दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पण वैनींनी ताट बंद केलं नाही. आधी दादा जेवून उठायचा, हात धुवून वाडीत जायचा, मग मामा यायचे. एका चुलीवर दोन पंगती, कित्येक वर्षं. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आणि दादा मुंबईच्या इस्पितळात वारला.

आणायला भाड्याची गाडी मिळाली असती. मामा म्हणाले, "माझा भाऊ भाड्याच्या गाडीतून कशाला येईल?" ते स्वतः जीप घेऊन गेले. शवपेटी तिथेच तयार घेतली. दादा उंच, पेटी लांब. सरळ ठेवली, तिरकी ठेवली, तरी टोक दारात येई. बरोबरच्यांनी सांगितलं, दार उघडं ठेवू, दोरीने बांधू. मामा पेटले. "केळीचे घड नेतोय का मी? दार लागेल." त्यांनी खांदा लावला.

दार लागलं नाहीच. काच तेवढी तडकली.

कोणीतरी हळूच म्हणालं, "बोलला होता तो." मग दोरी बांधूनच दादा घरी आला.

जीप अंगणात शिरली तेव्हा आधी सगळ्यांचे डोळे गेले काचेवर, मग पेटीवर. वैनी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांनी नको म्हटलं होतं ना रे?"

त्यानंतर मामांशी त्यांचं बोलणं तुटलं. दफन झालं, माणसं पांगली आणि संध्याकाळी मामांसाठी ताट वाढलं गेलं नाही. मामाही विचारायला गेले नाहीत. गुन्हा आपला, आपण कोणत्या तोंडाने ओट्यावर चढायचं? त्यांना दुसरं कोणी नव्हतं. ह्या जगाकडून त्या माणसाला एकच वस्तू हवी होती, वैनींच्या हातचं ताट. आणि ते मिळेपर्यंत ते माणिकपूरच्या हॉटेलात उसळपाव खात वाळत चालले होते.

आता काचेचं बघा. माणिकपूरचा काचवाला रोज जीप अडवायचा. "मामा, रबर सुकलंय. पावसाच्या आत बदला, नाहीतर रस्त्यात पडेल एक दिवस."

"दादाच्या महिन्याची मिस्सा होऊ दे."

मिस्सा, म्हणजे दादासाठीची चर्चमधली प्रार्थना, झाली. "पाऊस संपू दे, नवी काच चिखलात कशाला?" पावसाळ्यात त्यांनी खताच्या पिशवीचं प्लास्टिक ताणून बांधलं. ते वाऱ्याने असं फडफडे की आत आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलायचो. माझ्या मुलांचे भूगोलाचे पेपर भिजले आणि साऱ्या नद्या खरोखरच समुद्राला मिळाल्या. पाऊस संपला. "नाताळ होऊ दे." नाताळ झाला. "आता उपासकाळ आला, उपासात कोणी नवीन वस्तू घेतं का?"

सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसणारी एक कोळीण होती. ती कोणाला भीत नसे. एकदा मामा तिला म्हणाले, "टोपली काचेला लावू नको."

"लावते की! फुटली तर बरंच. तू काय तिला म्हातारपणाला सांभाळतोस? नवरी आणली असतीस तर एवढी जपली असतीस का?"

सगळी जीप हसली. मामाही हसले, पण मी उतरताना माझ्याकडे वळून त्यांनी रोजचा प्रश्न विचारलाच. अगदी हळू, सुटे पैसे मोजल्यासारखं करत.

"वैनी काही बोलली का?"

"नाही मामा."

"बरं, बरं."

आणि संध्याकाळी मी घरी आले की वैनी चुलीपुढून विचारायच्या, "काय गं बाय, लावली का त्याने काच?"

"नाही वैनी."

"हं." आणि लाकूड जरा जोरात आत सारायच्या.

मला तो टोमणा वाटायचा. गावालाही तसंच वाटलं असतं. शेवटी एकदा राहवेना. एका सकाळी जीपमध्ये पुढची जागा मिळाली तेव्हा मी मामांना म्हटलं, "वैनी तुमच्याशी बोलत नाहीत हे खरं, पण काचेचं रोज विचारतात."

मामांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. चेहरा उतरला होता.

"रोज विचारते?"

"रोज."

"म्हणजे लक्ष आहे तिचं." ते स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसू लागले. "बघा बाई, काच म्हणजे दादाचा 'नको' आहे. तो मी पुसून टाकतो की काय, हे ती बघते. उद्या नवी काच लावून अंगणात गेलो तर म्हणेल, आधी माणसाचा शब्द मोडला, आता खूणसुद्धा ठेवली नाही. नाही, नाही. ती स्वतः सांगेपर्यंत हात नाही लावायचा."

मागून कोळीण ओरडली, "काय मिस्सा चाललीय का पुढे? मासे सडतील माझे!"

मामांचं म्हणणं मला पटलं, हे मी लपवत नाही. त्या गावात मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत माणसाच्या शब्दाहून जड असतो. मीही मान डोलावली.

दादाच्या वर्षाची मिस्सा आली. ह्या दिवशी मिस्सा झाली की घरचं माणूस देवळाच्या दारात उभं राहून एकेकाला घरी चहाला बोलावतं. आपण होऊन कोणी जात नाही. मामांनी पहाटे जीप धुतली होती. काचेवरची जुनी चिकटपट्टी काढून नवी लावली होती, जखमेची पट्टी बदलावी तशी. मिस्सा संपल्यावर ते जीपपाशी जाऊन उभे राहिले, टोपी हातात.

वैनी नावं घेत होत्या. काचवाल्याला बोलावलं. कोळणीला बोलावलं. मला तर "बाय, तू काय पाहुणी आहेस?" म्हणून हात धरून पुढे घातलं. मग त्या रस्त्यावर आल्या आणि जीपपाशी थांबल्या. मामांनी मान वर केली. वैनींनी काचेकडे पाहिलं, नव्या पट्टीकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाले, "थांबली होती ना? पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

"काचेकडे बघत होती."

"हो."

"राग आहे अजून," ते म्हणाले. "असू दे. काचेला काय घाई आहे?"

त्याच पावसाळ्यात वैनींना खोकला जडला. त्यांची मुलगी मालाडला राहायची. पाऊस सरल्यावर ती येऊन बघून गेली आणि आईला तिकडे न्यायचं ठरलं. वाडी खंडाने दिली. मी माणिकपूरला दुसरी खोली बघितली. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "टांगा सांगू ना सकाळी?"

वैनी ट्रंकेत लुगडी रचत होत्या. "टांगा नको. त्याला सांग."

मी अंगण ओलांडून अक्षरशः धावत गेले. मामा खाटेवर बसले होते. मी सांगितलं आणि ते उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. "मला सांग म्हणाली? माझ्या गाडीतून?" मग त्यांच्या डोळ्यांत एकदम भीती आली. "बाई, काच बदलू का? आत्ता गेलो तर काचवाला लावून देईल."

"बदला मामा."

ते जीपपर्यंत गेले. चावी लावली. चावी काढली. "नको. तिला वाटेल, तिची पाठ फिरायच्या आत मी दादाला विसरलो."

सकाळी वैनी काठी टेकत अंगणात आल्या. ट्रंक मी धरली होती, न्यायला आलेली मुलगी कुलूप लावत होती. मामांनी पुढचं दार उघडून धरलं. पण वैनी सरळ जीपच्या मागे गेल्या. काचेसमोर उभ्या राहिल्या.

"अजून ठेवलीसच," त्या म्हणाल्या.

दीड वर्षाहून जास्त काळाने त्या त्याच्याशी बोलत होत्या.

"दादाची..." मामा पुटपुटले.

"दादाची काय? दादा म्हणाला, मेलो तरी येणार नाही, आणि मुकाट्याने आला. आला ना? मी पण रागाने बोलले त्या दिवशी. माणूस बोलतो रे. तू ती दोरी, ती पेटी रोज माझ्या ओट्यासमोर आणून उभी करत होतास. मी म्हणत होते, एकदा ही काच बदलू दे त्याच्या हातून, म्हणजे त्याच्या मनातून ते गेलं. त्याच रात्री हाक मारते त्याला जेवायला. रोज विचारत होते ह्या पोरीला."

मी ट्रंकेच्या कडीकडे बघत राहिले. मामांनी पुढे होऊन त्यांना हात दिला आणि म्हणाले, "वैनी, पाय सांभाळ. पायरी उंच आहे."

आम्ही वसई रोड स्टेशनकडे निघालो. मामा त्या दिवशी खड्डे चुकवत नव्हते. मागे काच खडखडत होती, तिच्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. फलाटावर वैनींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलास. नाताळला मी येते घरी. मासळीचं कालवण करीन तुला. तोवर लावून घे."

गाडी सुटली. मामा स्टेशनातून निघाले ते थेट काचवाल्याकडे. त्याने जुनी काच काढली आणि विचारलं, तुकडे हवेत का? मामांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

वैनी नाताळला आल्या नाहीत. खोकला छातीत उतरला होता. त्यानंतरही त्या आल्या नाहीत. उपासकाळात गेल्या आणि मुलीने त्यांना तिकडेच पुरलं. मामाही नंतर फार वर्षं राहिले नाहीत. त्यांची जीप कोणी घेतली, मला ठाऊक नाही.

पण त्या नाताळची सकाळ मला ठाऊक आहे. मी शुभेच्छा द्यायला माणिकपूरहून गावात गेले होते. घराघरांवर कागदी तारे लागले होते. वैनींच्या दाराला कुलूप होतं. मामा कोट घालून, केस चापून बसवून अंगणात उभे होते. जीप त्यांनी उलटी आत घेतली होती, मागची बाजू ओट्याला जवळजवळ लागलेली.

"अशी का लावलीत?" मी विचारलं.

"आली की आधी हीच दिसायला पाहिजे ना," मामा म्हणाले, आणि कोटाच्या बाहीने काच पुसली. काच इतकी नितळ होती की ओटा, दार, दाराची कडी आणि कडीतलं कुलूप, सगळं तिच्यात जसंच्या तसं दिसत होतं.