थर्माकोलचं बाथरूम

तीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लोकांची थुंकी, लघवी, शौच, पू, सगळं बाटल्यांतून माझ्या टेबलावर यायचं, आणि दुपारी हात धुऊन मी पलीकडच्याच खोलीत बसून भेंडीची भाजी खायची. कधी पोटात ढवळलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या अंघोळीचं पाणी आपल्या मानेवर ठिबकलं की जी शिसारी येते, ती मला त्या तीस वर्षांत एकदाही आली नव्हती. अंगाला साबण लावून उभं राहावं आणि वरून टप्पकन दुसऱ्याचा साबण यावा. कातडी सोलून टाकावीशी वाटायची.

हे पाणी श्यामसुंदरचं. वाशीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत मी पहिल्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको मीना दुसऱ्यावर, बरोब्बर माझ्या डोक्यावर. तीन वर्षं मी बाथरूमच्या छताखाली प्लास्टिकचा कागद बांधून अंघोळ केली. कागदाला मधोमध पोट यायचं आणि दर दोन दिवसांनी मी ते बादलीत रिकामं करायची. पिवळट पाणी, तळाला गाळ. लॅबची खोड म्हणून एकदा ग्लासात घेऊन उजेडात धरलं. तो ग्लास मग मी फेकूनच दिला.

भांडायला वर जावं, तर हा माणूस भांडायचासुद्धा नाही. साठीचा, किडकिडीत, बोटांच्या टोकांवर भाजल्याचे पांढरे डाग. मी दारातूनच तोंड सोडायची आणि तो मान डोलवत ऐकून घ्यायचा. माझा दम संपला की म्हणायचा, "अस्मिताताई, चाय घेनार?" अशा माणसाचं करायचं काय? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मीना आत आधण ठेवून मोकळी झालेली असायची.

श्यामसुंदर मूळचा पेणकडचा. मखरं करायचा. थर्माकोलची. दिघ्याला त्याचा गाळा होता, तिथे वर्षभर तापलेल्या तारेने खांब, कमानी, सिंहासनं, मोर कापत बसायचा. भाजल्याचे डाग त्याच तारेचे. गणपतीच्या आधी महिनाभर वाशीत त्याच्या मखरांची रांग लागायची आणि लोक नंबर लावून न्यायचे. मग थर्माकोलवर बंदी आली. आता खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. विसर्जनानंतर खाडीच्या कडेला चिखलात रुतलेली ती सोनेरी सिंहासनं, त्यांना चिकटलेला कुजका हार आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या बघून मला ओकारी यायची. बंदीची बातमी वाचून मी टाळी वाजवली होती. वर श्यामसुंदरच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती, हे मला मीनाकडून फार उशिरा कळलं.

गाळा गेला. उरलेलं थर्माकोल त्याने घरात आणून पलंगाखाली, माळ्यावर, जिथे मिळेल तिथे कोंबलं. पोटासाठी मग रबाळ्याला एका कंत्राटदाराकडे लागला. कारखान्यांच्या जमिनीवर एपॉक्सीचा थर द्यायचं काम. दोन डब्यांतली दोन द्रव्यं एकत्र घोटायची, घट्ट व्हायच्या आत पसरायची, की ती काचेसारखी कडक होतात. काम त्याला चटकन जमलं. पण त्याबद्दल तो बोलायचा ते उसन्या कपड्यांबद्दल बोलावं तसं.

गेल्या माघात मी त्याला निर्वाणीचं सांगितलं. होळीपर्यंत माझं छत कोरडं झालं नाही तर लेखी तक्रार करणार, आणि मग बाथरूम फोडावंच लागेल. दोन दिवसांनी तोच खाली आला, हातात वहीचा कागद घेऊन.

"ताई, फोडायची गरजच नाय. मी आतून अख्खं बाथरूम मढवतो. थर्माकोलचे पॅनल, वरून एपॉक्सी. रबाळ्याला ज्या फ्लोरवर ॲसिड सांडतं ना, तो मी केलाय. डाग नाय पडला अजून."

"थर्माकोल? बाथरूममध्ये?"

"तेच तर! वजन नाय, पानी पीत नाय. जमलं ना ताई, तर परत माझं काम माझ्या हातात येईल. हे फ्लोरचं काय, कुनीपन करतं."

हे शेवटचं वाक्य त्याने खाली बघत म्हटलं. माझं लक्ष माझ्या छताकडे होतं, म्हणून मी हो म्हटलं.

काम कसं चाललंय ते बघायला मी रोज वर जायची. खरं म्हणजे खोड काढायला जायची. घरभर एपॉक्सीचा वास, सुकत घातलेल्या मासळीला अमोनिया चोळावा तसा. मीना नाकाला रुमाल बांधून पोळ्या लाटत असायची. श्यामसुंदर पॅसेजमध्ये उकिडवा बसून थर्माकोलवर काचतंतूचं कापड ताणायचा, रोलरने थर द्यायचा, वाळला की घासायचा, पुन्हा थर द्यायचा. काम मन लावून करायचा, हे मला मान्य करावंच लागेल. पण ते पॅनल! साधी सपाट भिंत करील तर शपथ. दोन बाजूंना खांब, वर कमान, नळाभोवती पाकळ्यापाकळ्यांचं कमळ आणि समोरासमोर पिसारा फुलवलेले दोन मोर. हे सगळं अंघोळीच्या जागी, जिथे माणूस खरखरीत दगडाने टाचा घासतो!

"अहो, या पिसाऱ्यात साबण साठेल," मी म्हटलं. "मळ साठेल. शेवाळ धरेल. शी! त्या मोराकडे बघून अंघोळ करवेल का कुणाला?"

"ब्रश मारायचा ताई, टेन्शन नाय."

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली, आणि ती सुटायला नको होती. पॅनल त्याने अखंड केले नव्हते. लहान लहान तुकडे केले होते, आणि ते एकमेकांत खाचा आणि खुंट्यांनी अडकवले होते. आयुष्यभर मखरं केलेला माणूस. मखर कसं, विसर्जनाच्या दुपारी घरातल्या बायकांनासुद्धा पाच मिनिटांत उतरवता आलं पाहिजे, तुकडे खोक्यात बसले पाहिजेत. उतरणार नाही अशी वस्तू त्याच्या हाताला ठाऊकच नव्हती. म्हणून बाथरूमची भिंतसुद्धा त्याने उतरवता येईल अशी केली, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला पाण्याला वाट ठेवली. त्यात आपल्याकडची अंघोळ बादलीची. वरून फवारा नाही, सगळं पाणी तांब्याने खाली आदळतं, नेमकं जिथे पॅनल जमिनीला टेकतात तिथे. इतकं साधं, पण मी मोरांना नावं ठेवण्यात गुंतले होते.

थर पक्का व्हायला आठ दिवस बाथरूम वापरायचं नव्हतं. माझ्या छताचं ठिबकणं थांबलं. कागदाचं पोट सुकून लोंबायला लागलं. आठाचे दहा दिवस झाले, तरी कोरडं. मी कागद काढला, स्टुलावर चढून छताला हात लावला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा डोकं वर करून अंघोळ केली.

त्याच रविवारी सोसायटीची मीटिंग होती. रावसाहेब आमचे सेक्रेटरी. त्यांनी गळतीचा विषय काढला, कारण इमारतीत आणखी सहा बाथरूम गळत होती. मी उठले. मीटिंगमध्ये मी उठले की लोक घड्याळ बघतात, कारण मी कधी कुणाबद्दल बरं बोललेली नाही. पण त्या दिवशी म्हटलं, "श्यामसुंदरने काम केलंय आणि माझं छत ठणठणीत कोरडं आहे. माणसाच्या हातात कला आहे. उगाच मोर काढलेत, पण कला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रावसाहेब म्हणाले, मग बाकीची सहाही श्यामसुंदरलाच देऊ. तो मागच्या खुर्चीवर बसला होता. लाजला की रडला ते मला दिसलं नाही, पण मीनाने पदराने डोळे पुसले.

आणि मग या माणसाने टाळाटाळ सुरू केली. चैत्रात म्हणाला, माल संपलाय. वैशाखात म्हणाला, गर्मीत एपॉक्सी नीट बसत नाय. पावसाळ्यात म्हणाला, ओल हाय. रावसाहेब माझ्यामागे लागले, कारण शिफारस माझी. मला त्याचा उबग आला. जरा चार माणसांनी चांगलं म्हटलं की यांचं डोकं फिरतं, असं मी मीनालासुद्धा जिन्यात ऐकवलं. छत मात्र कोरडं होतं, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

मग तो वास सुरू झाला. आषाढ संपता संपता बाथरूमच्या खिडकीतून, डक्टमधून गटाराचा वास यायला लागला. आधी थोडा, मग असा की उदबत्ती लावली तर ती गटारात खोचल्यासारखी वाटावी. झुरळं निघाली. एके सकाळी एक माझ्या दाताच्या ब्रशवर बसलेलं होतं. मी ब्रश टाकला, तोंड न धुता जिना चढले. माझी खात्री होती की त्या मोरांच्या मागे पाणी साठून कुजलंय, आणि आज मी मोरांची पिसं उपटणारच.

श्यामसुंदरने दार उघडलं. मी त्याला बाजूला सारून सरळ बाथरूमचं दार ढकललं. वासाने डोळ्यांत पाणी आलं. पण कुजलेलं काहीच नव्हतं. बाथरूम खडखडीत कोरडं होतं. मोर चकाकत होते आणि त्यांच्या पिसाऱ्यावर धूळ बसली होती. साबण नाही, बादली नाही, तांब्या नाही. कोपऱ्यातल्या जाळीच्या भोकांतून झुरळांच्या मिशा हलत होत्या. जाळीच्या खाली नेहमी थोडं पाणी उभं असतं, त्यानेच गटाराचा वास अडतो. ते पाणी आटलं होतं.

"इथे अंघोळ कधी केलीत शेवटची?" मी विचारलं.

तेवढ्यात समोरचं संडासाचं दार उघडलं आणि मीना बाहेर आली. ओले केस, अंगाला जेमतेम गुंडाळलेलं पातळ, एका हातात बादली, दुसऱ्यात साबणाची डबी. मला बघून ती तिथेच थिजली. संडासाच्या भांड्याच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून ती अंघोळ करून आली होती.

मी भिंतीला हात टेकला.

"मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ मी केली," श्यामसुंदर म्हणाला. "तुमी भाजी आनायला गेल्या होत्या. तुमची चावी आमच्याकडे असते, म्हनून खाली जाऊन बघितलं. गळत होतं. पयल्यासारखंच."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगनार ताई? आदल्या दिवशी तुमी सगळ्यांसमोर बोललात. गाळा गेल्यापासून माझ्या हाताला कुनी चांगलं म्हनालं नव्हतं. आनि तुमी तर कुनालाच म्हनत नाय." तो मोरांकडे बघत होता. "म्हटलं, जोड भरून घेऊ, मग सांगू. तीनदा भरले. तीनदा, तुमी घरी नसताना, एक एक बादली ओतून खाली जाऊन बघितलं. नाय थांबत. म्हटलं, निदान तुमच्या अंगावर तरी नको पडायला."

"आणि हिला चार महिने तिथे अंघोळ करायला लावलीत?"

"त्यांनी नाय लावली," मीना म्हणाली. "मीच म्हटलं. मानूस इतक्या वर्षांनी ताठ चालत होता, ताई. घासूनपुसून घेते मी तिथलं, फिनेल टाकते. फक्त देवाला शिवत नाय. तिथे अंघोळ करून देवाला कसं शिवायचं? देव्हाऱ्याला पडदा लावून ठेवलाय."

सकाळ संध्याकाळ दिवा लावणारी बाई. माझं छत कोरडं राहावं म्हणून तिने चार महिने देवाला हात लावला नव्हता, आणि मी तिला जिन्यात उभं करून ऐकवलं होतं. किळस म्हणजे काय ते मला वाटायचं मला ठाऊक आहे. त्या पॅसेजमध्ये मला माझीच किळस आली.

मी तिच्या हातातली बादली घेतली, बाथरूममध्ये नेऊन कमळातल्या नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. पाणी आधी तांबूस आलं, मग स्वच्छ.

"मीना, आत जा. परत अंघोळ कर."

"ताई, नको, गळंल," श्यामसुंदर पुढे आला. पुढचं वाक्य त्याने तोंडाने पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "माझं काम नाय टिकलं, ताई. गळंल ते."

"माहीत आहे. रावसाहेबांना मी सांगेन. आधी तिला जाऊ दे."

मीनाने माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि आत जाऊन कडी लावली. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, मग दुसरा. श्यामसुंदर मान खाली घालून उभा होता, आणि दर तांब्याला त्याचे खांदे आक्रसत होते. तिसऱ्याला त्याच्याने राहवेना.

"हळू ओत गं," तो दाराशी जाऊन म्हणाला. "खाली ताईंकडे पडतंय."

"पडू दे," मी म्हटलं. "तिला डोक्यावरून घेऊ दे."