तीस वेळा व्हय

बारावीत असताना मी एक संशोधन केलं. शब्द जड आहे, पण आमच्या क्लासमध्ये तो भाजी आणल्याइतक्या सहज वापरला जायचा. क्लास क्रांती चौकाजवळ, एका मोबाइलच्या दुकानाच्या वर होता. तिथं गणित किंवा केमिस्ट्री शिकवत नसत. बाहेरच्या मोठ्या खाजगी विद्यापीठांत किंवा परदेशात अर्ज करणाऱ्या मुलांचं 'प्रोफाइल' तिथं तयार होत असे, आणि प्रोफाइलला एक स्वतंत्र संशोधन प्रकल्प लागायचाच. स्वतंत्र म्हणजे विषय सर द्यायचे, प्रश्न सर द्यायचे आणि निष्कर्ष काय यायला हवा तेही सरच सांगायचे. मधली पानं भरायला आम्ही स्वतंत्र होतो.

आम्ही नऊ जण होतो, सगळे इंग्रजी शाळांतले. एका मुलीनं ध्यानामुळे किशोरवयीन मुलांचा ताण कमी होतो का, हे शोधलं. त्यासाठी तिनं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलत-मावस भावंडांना विचारलं. त्यातले तिघं चौथीत होते. एका मुलाचा विषय वेरूळचे पर्यटक. तो वेरूळला गेला खरा, पण ऊन होतं म्हणून गाडीतून उतरला नाही. घरी येऊन पन्नास फॉर्म त्यानं एकट्यानं भरले. पर्यटक वेगवेगळे दिसावेत म्हणून गुलमंडीतून निरनिराळ्या शाईची पेनं आणली. "ज्येष्ठ नागरिक डाव्या हातानं लिहिलेत," असं त्यानं आम्हाला दाखवलं. खाली उतरून चार माणसांशी बोलण्यापेक्षा हे जास्त कष्टाचं काम आहे, हे त्याला कळलं नव्हतं. सरांनी त्याची पाठ थोपटली.

मी मनातल्या मनात या सगळ्यांना हसायचे. मी त्यांच्यापेक्षा वेगळी आहे असं मला वाटायचं. मी चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे हा समज खोडायची संधी कुणाला मिळाली नाही.

माझा विषय होता शेतकरी आणि मेंढपाळ यांचे संबंध. वेरूळच्या अलीकडं आमची शेती आहे. वडील नोकरीमुळे शहरात आले, शेती काका बघतात. दर वर्षी पिकं निघाल्यावर मेंढपाळांची बिऱ्हाडं तिकडं येतात. मेंढ्या रात्रभर शेतात बसवतात, म्हणजे लेंड्या-मुताचं खत आयतं पडतं. बदल्यात शेतकरी धान्य देतो, पाणी देतो. ही देवाणघेवाण किती सलोख्याची आहे हे मी तीस फॉर्म भरून दाखवायचं होतं. प्रत्येक फॉर्मवर नाव, सही किंवा अंगठा, आणि सोबत फोटो. त्याशिवायच्या माहितीला सर 'हवेतली' म्हणायचे.

प्रश्नांचं मराठी मी केलं. पहिलाच प्रश्न असा होता: 'भूधारकांकडून आपणांस सन्मानपूर्वक वागणूक मिळते काय?' हे वाक्य मला तेव्हा सुंदर वाटलं होतं.

एकटी कशी जाशील, म्हणून काका सोबत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मी पहिल्या बिऱ्हाडातल्या बाईंना प्रश्न वाचून दाखवला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग काका म्हणाले, "आम्ही नीट वागवतो का, असं विचारतीय पोरगी."

"व्हय, मालक."

"पाणी वेळेवर देतो का?"

"व्हय."

"आणि कुणाचा काही तरास?"

"नाय नाय. लई चांगलं हाय समदं."

तीन शेतांत फिरून दुपारपर्यंत तीस फॉर्म झाले. तीसही जण 'व्हय' म्हणाले. काका खूश, मी त्यांच्याहून खूश. पेनांचे रंग बदलणाऱ्या मुलाला हसणारी मी, ज्यांच्याविषयी विचारायचं त्या मालकालाच शेजारी उभं करून विचारत होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

मी त्या रात्री काकांकडंच राहिले. सकाळी फॉर्म तपासले तर एकावर अंगठा राहिला होता. काका तालुक्याला गेले होते, म्हणून मी एकटीच शेतात गेले. त्या फॉर्मवरची बाई माझ्या आईच्या वयाची असेल. मांडीत कोकरू घेऊन त्याच्या लोकरीतले काटे काढत बसली होती. तिनं अंगठा दिला, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "ताई, काल ईचारलं ते आज ईचार."

"का?"

"आज मालक न्हाईत."

मी विचारलं नाही. तीच बोलली. "मेंढरं बसली तवर मोटार चालू. पाच दिसांनी मेंढरं उठली का मोटार बंद. खत पडलं, मालकाचं काम झालं. मंग आमी पुढचं शेत मिळस्तवर हंडे घिऊन नाल्यापत्तुर जायचं. मागल्या साली माझ्या सुनंचं बाळ चार दिसांचं व्हतं. तिनं मालकांच्या दारात जाऊन पाणी मागितलं. लाईट नाय म्हनले. घरात पंखा फिरत व्हता."

मी वही उघडली. तिनं माझा हात धरला. "लिही, पर नाव घालू नगंस. पुढल्या साली बी इथंच यायचंय आमाला."

शहरात परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं. तोवर मी त्यांच्याशी एका दमात तीन वाक्यांच्या वर बोलले नव्हते.

"एक्सलंट," सर म्हणाले. "केस स्टडी टाक. नाव, फोटो, बाळाची स्टोरी. अ‍ॅडमिशनवाल्यांना असंच लागतं."

"नाव नाही टाकता येणार, सर."

"मग हवेतलं झालं ना ते. सोडून दे. तीस आहेत ना तुझ्याकडं? शंभर टक्के पॉझिटिव्ह. असा रिझल्ट कुणाला मिळतो?"

त्यांना दोन्ही चाललं असतं. तिचं दुःख नावासकट चाललं असतं, नाहीतर तिचं व्हय चाललं असतं. मी दोन्हींतलं काहीच दिलं नाही. नाव नसतं तरी बाळाच्या गोष्टीवरून काकांनी तिला ओळखलं असतं, म्हणून तिचं बोलणं मी कुठंच लिहिलं नाही. निष्कर्षात एवढंच लिहिलं की ही तीस उत्तरं शेतमालकासमोर घेतलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. "स्वतःच्याच प्रोजेक्टवर कुणी काट मारतं का?" मी पान बदललं नाही, तेव्हा त्यांनी शिफारसपत्र द्यायला नकार दिला. पेनवाल्या मुलाला दोन पानी पत्र मिळालं. तो आता बाहेरच्या विद्यापीठात शाश्वत पर्यटन शिकतो. मी अर्ज पत्राविनाच पाठवले, कुठूनच बोलावणं आलं नाही. मी इथल्याच कॉलेजात बी.ए. करते. आई अजून म्हणते, "एक पान काढलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी ताटं घ्यायला उठते. खरं उत्तर दिलं तर ते काकांपर्यंत पोचेल.

क्लासनं वर्षाअखेरीस भाड्याच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. फी भरलेल्या सगळ्यांचे फलक लावले, माझाही लावला, कोपऱ्यात. त्यावर तीस फोटो होते. खाली माझा निष्कर्ष, इंग्रजीत. काका खास गावाहून आले. जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला त्यांची पांढरी बाही दिसत होती. ती त्यांनी ओळखली आणि वडिलांना मोबाइल देऊन फलकाशेजारी स्वतःचा फोटो काढून घेतला. इंग्रजी मजकुराकडं बोट करून त्यांनी मला विचारलं, "काय लिहिलंय खाली? लोकांनी चांगलं सांगितलं ना आपल्याबद्दल?"

त्या बाईचा फोटो त्यांच्या खांद्याशीच होता.

"सगळे व्हय म्हणाले, काका," मी म्हणाले.

"म्हणणारच की," काका म्हणाले, आणि चहा कुठं ठेवलाय ते बघायला गेले.