न उघडलेली पिशवी

ती निळी पिशवी आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गुन्हेगारांवर राग आहेच, पण आमच्या खात्यावर आणि माझ्यावर तो जास्त आहे. नावं कोणाचीच देत नाही.

सुरतेत आम्हा खानदेशी लोकांची एक रीत आहे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली आणि कोणी गावाला निघालं, की गल्लीतल्या दहा घरांच्या पिशव्या त्याच्या गळ्यात पडतात. कोणाच्या आईसाठी साडी, कोणाच्या वडिलांची औषधं. पिशवीचं तोंड शिवलेलं असतं आणि नेणारा आत काय आहे ते विचारत नाही. विचारलं तर समोरच्याला लागतं. माझे वडील कापड बाजारात पार्सलं शिवायचे. गावी जाताना अशा पिशव्या मीही मांडीवर सांभाळल्या आहेत.

मी सुरतेतल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर असताना, आखाजीच्या दोन दिवस आधी भर दुपारी फोन आला. पर्वत पाटियाहून सुटणारी खानदेशची बस, मागून तिसरी सीट, निळी पिशवी. खबर इतकी नेमकी असली की आधी खबर देणाऱ्यावर संशय घ्यावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो. त्या दिवशी मीच विसरलो. डायरीत नोंद केली, पंच घेतले, बस अडवली. पिशवी बाजूनं कापली. वर साडी, शेवेचा पुडा आणि खाली हेरॉईनची पाकिटं. नमुने सील झाले, पंचनामा झाला आणि सीटवरच्या माणसाला अटक झाली.

तो घडीवाला होता, साड्यांना घड्या घालणारा कामगार. चौकशीत आमच्या लोकांनी हिंदीत दरडावलं, गुजरातीत समजावलं. तो प्रत्येक प्रश्नाला नुसते हात जोडत होता. शेवटी मी खुर्ची जवळ ओढली आणि अहिराणीत विचारलं, "पिशवी कोनी दिन्ही, भाऊ?"

तो एकदम रडायलाच लागला. "आप्पानी दिन्ही, सायेब. त्यानी बहीनसाठे."

"मंग खोलीसन का बरं नही देखी?"

रडता रडता तो माझ्याकडे बघतच राहिला. "आपला मानूसनी पिशवी कोनी खोलस का, सायेब?"

त्याचं हे उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं. पण कायद्याला हे उत्तर चालत नाही. ज्याच्या ताब्यात माल, त्यानंच आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं. आप्पा हा शेजारच्या तालुक्यातला, एका लग्नात ओळख झालेला, एवढंच त्याला ठाऊक. आप्पाचा फोन बंद आणि खोलीचा पत्ता खोटा. आप्पा सापडला नाही तर हा माणूस निदान दहा वर्षं आत जाणार होता.

पंचनाम्याचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. पिशवी बाजूनं कापल्यामुळे तिचं शिवलेलं तोंड शाबूत होतं. ते घरच्या सुईनं शिवलेलं नव्हतं. दाभणाचे लांब तिरपे टाके, दर चौथ्या टाक्याला एक उलटा फेरा आणि गाठ आत दडपलेली. हा पार्सल शिवणाऱ्याचा हात होता, आणि असे दोन हात सारखे नसतात, हे मी वडिलांच्या शेजारी बसून शिकलेलो. फोटो खिशात टाकून साध्या वेशात मी कापड बाजारातली गोदामं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी एका गोदामात तोच टाका दिसला. तिथला म्हातारा हमाल म्हणाला, "ये तो हमारे सुपरवाइजर का हाथ है, साहेब. जल्दी हो तो खुद ही सिलने बैठ जाता है."

घडीवाल्यानं त्याला बघताच ओळखलं. सुपरवायझर म्हणजेच आप्पा. आधी त्यानं कानावर हात ठेवले. मी पिशवीचा फोटो आणि गोदामातलं पार्सल शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा तो बोलू लागला. माल समुद्रापलीकडून यायचा. मालक परदेशात, आप्पाला फक्त फोनवर हुकूम. त्याच्या धाकट्या भावाला आखातात नोकरी मालकाच्या माणसांनीच लावली होती. "भाऊ त्यासना हातमा शे, सायेब," तो म्हणाला. तरीही, घडीवाल्याला काहीच माहीत नव्हतं असा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर द्यायला तो तयार झाला.

आणि मग आम्ही माती खाल्ली. जबाब व्हायच्या आधीच वरिष्ठांनी पत्रकार परिषद ठरवली. टेबलावर पाकिटं मांडली आणि जाहीर केलं, 'एक आरोपी तपासात सहकार्य करतो आहे.' मी मागे उभा होतो. पेपरातल्या फोटोत मी हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पाची बायको ठाण्यात आली. तिनं फोनवर आलेला फोटो त्याच्यासमोर धरला. आखातातल्या कुठल्याशा गोदामात भावाचं प्रेत पडलेलं होतं. आप्पानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आते माले काही सांगनं नही, सायेब." त्यानंतर तो खरंच कधी बोलला नाही.

ती नेमकी खबर दुसऱ्या टोळीनं दिली होती, हे पुढे कळलं. त्यांच्या भांडणातली काठी आम्ही होतो. महिन्याभरात तोच माल शहरात पुन्हा मिळू लागला, जास्त भावानं. दारूबंदीच्या राज्यात मी उभी नोकरी केली. विष विकायला मोकळीक द्या, असं मी म्हणणार नाही. पण बंदीमुळे चढलेला भाव त्या परदेशातल्या मालकाच्या घशात जातो आणि त्याच पैशानं तो माणसं मारतो, हे मी पाहिलं आहे. तो मालक कसा दिसतो ते आम्हाला आजही माहीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मात्र आम्ही पटाईत. टेबलावर पाकिटं मांडून याला यश म्हणणाऱ्यांची मला चीड येते, आणि त्यात मी होतो.

न्यायालयात मी टाक्याची साक्ष दिली. घडीवाला सुटला, पण तोवर चार आखाज्या तुरुंगात गेल्या होत्या.

गेल्या आखाजीला मी गावी निघालो होतो. घडीवाला माझ्या घरी आला, हातात त्याच्या आईसाठी पिशवी. तोंड उघडंच होतं. मी म्हणालो, "पिशवीनं तोंड शिवी टाक, भाऊ. मी लई जास." त्यानं मान हलवली आणि खाली बसून एकेक वस्तू फरशीवर मांडू लागला. साडी, गुडघ्याचं तेल, खारीचा पुडा. साडीची घडीसुद्धा त्यानं मोडली, ज्या माणसाचं सगळं आयुष्य साड्यांच्या घड्या घालण्यात गेलं त्यानं.

"देखी ल्या, सायेब."

"काही गरज नही, भाऊ."

"तरी बी देखी ल्या."

मी सगळं पाहिलं. पाहिल्याशिवाय तो मला पिशवीला हात लावू देईना.